धावत्या पाण्याचा नियम

पाऊस कमी पडला की दैवाला बोल लावण्याची रीत जुनी आहे. धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. त्यामुळे दुष्काळ तेथे पुनःपुन्हा येतो आणि दैवाचे नावही पुनःपुन्हा निघते. परंतु पाऊस येतो आणि पाणी निघून जाते, ते दैवाच्या लहरीने नव्हे. पहिल्यास पृथ्वीचे भ्रमण दिशा देते. दुसऱ्यावर तिच्या गुरुत्वाकर्षणाची सत्ता चालते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तेव्हा धाराशिवची भूमी ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. शेते, घरे आणि हवा तिच्याबरोबरच जात असल्यामुळे ही गती कोणास जाणवत नाही; वाऱ्यांस मात्र ती वळवते. दक्षिण गोलार्धातून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून महाराष्ट्रात येतात. त्यांच्यातील बरेचसे बाष्प सह्याद्री उतरवून घेतो. उरलेले धाराशिवच्या वाट्यास येते.

तेही पाणी थांबत नाही. ज्या ओढीची दिशा धरून ज्वारीचे मूळ खाली वाढते, तीच ओढ पाण्यास उताराने खेचते. बालाघाटाच्या माथ्यावरील एक थेंब सीना आणि भीमा यांतून कृष्णेस मिळतो. शेजारचा थेंब तेरणा आणि मांजरा यांतून गोदावरीस. दोघांचीही अखेर बंगालच्या उपसागरात होते. मोकळा उतार मिळाला की पाण्याचा वेग वाढतो आणि शेताची सुपीक मातीही त्याच्याबरोबर जाते.

मग मनुष्याने काय करावे? निसर्गाचा नियम मोडता येत नाही. पण तो ओळखून वागता येते. नळदुर्ग येथे दुसरा इब्राहिम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) याच्या काळात बोरी नदीवर धरण बांधले गेले. ते भरले की अधिकाचे पाणी ‘नर’ आणि ‘मादी’ या धबधब्यांच्या रूपाने खाली कोसळते. बांधणाऱ्यांनी पाण्याशी वैर मांडले नाही. त्यास थांबण्याची जागा दिली आणि जाण्याची वाटही दिली.

प्रत्येक शेतकऱ्यास असे धरण बांधता येणार नाही. परंतु उतारास आडवी नांगरट करणे, आडवे बांध घालणे, ओढ्यावर लहानसा बंधारा उभारणे हे गावाच्या हातचे आहे. मग जी ओढ पाणी पळवून नेत होती, तीच ते जमिनीत मुरवते आणि विहिरीस पाझर फुटतो.

पाऊस किती पडावा हे मनुष्याच्या हाती नाही. पडलेल्या पावसापैकी किती राखावा, हे पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. म्हणून आभाळाकडे पाहणाऱ्याने आपल्या शेताचा उतारही पाहावा.