भारदस्त शब्द आणि पोरके शब्द

परिपाठात प्रार्थना झाली, सुविचार झाला, दिनविशेष झाला की अनेक शाळांत एक विद्यार्थी पुढे येऊन ‘आजचा इंग्रजी शब्द’ सांगतो. शब्द साधासुधा नसतो. ‘मॅग्नॅनिमस’ असतो, ‘गॅरुलस’ असतो, ‘उबिक्विटस’ असतो. स्पेलिंग दोनदा म्हणायचं, मराठी अर्थ एकदा सांगायचा, की टाळ्या. शब्द दिवसभर फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात राहतो, दुसऱ्या दिवशी पुसला जातो आणि पुसणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. याच्याच थोरल्या आवृत्त्या म्हणजे सुट्टीतली व्होकॅब्युलरीची शिबिरं, ‘ॲडव्हान्स्ड वर्ड्स’ची जाडजूड पुस्तकं, आणि नॉर्मन लुईस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ नववीतल्या पुतण्याच्या हातात ठेवून “रोज एक सेशन झालंच पाहिजे” असं बजावणारे काका. पुस्तक वाईट नाही. इंग्रजी ज्यांची रोजची भाषा आहे अशा प्रौढ अमेरिकन वाचकांसाठी ते लिहिलं होतं, एवढंच काका विसरतात.

या साऱ्या खटाटोपामागे एक समजूत आहे: जो शब्द क्वचित भेटतो, उच्चारायला अवघड आणि दिसायला लांबलचक, तो प्रगत, आणि असे शब्द जितके जास्त, तितकं इंग्रजी पक्कं. ही समजूत चुकीची आहे आणि हायस्कूलच्या वयात ती मुलांचं नुकसान करते, असं माझं म्हणणं आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायला हवा. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं-वाचलं जातं त्यांच्या मुलांना मोठे शब्द जेवणाच्या टेबलावर मिळतात. मराठी माध्यमातल्या, तालुक्याच्या गावातल्या मुलीला ते कुठून मिळणार? तिच्यासाठी शब्दांची यादी हीच शिडी. पुढे स्पर्धा परीक्षा आहेत, मुलाखती आहेत, तिथे याच शब्दांवरून माणूस जोखला जातो. यादी पाठ करणं कंटाळवाणं असेल, पण पाढे तरी कुठे मजेचे असतात?

यातली परीक्षेची बाब आधी निकालात काढू. ज्या अमेरिकन परीक्षेमुळे हायस्कूलच्या मुलांना शब्दयाद्या घोकायची सवय जगभर लागली त्या एसएटीनेच पुढे ही वाट सोडली. २००५ साली तिच्यातून शब्दजोड्यांची सादृश्यं गेली, २०१६च्या फेररचनेत गाळलेल्या जागी अवघड शब्द भरायचे प्रश्नही गेले. उताऱ्यात एखादा बऱ्यापैकी परिचित शब्द नेमक्या कोणत्या अर्थाने आला आहे, हे त्या फेररचनेनंतर विचारू लागले. आपल्याकडे कायद्याच्या प्रवेशासाठीची क्लॅट २०२०पासून उताऱ्यांवर आधारलेली झाली. बँकांच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द अजून येतात, हे खरं. पण ती तयारी शाळा संपल्यावर करायची असते. तिच्यासाठी चौदाव्या वर्षाचा बळी देण्याचं कारण नाही.

छाप पाडण्याचा मुद्दा तर उलटा अंगाशी येतो. डॅनियल ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञाने २००६ साली प्रयोगांचा एक निबंध प्रसिद्ध केला. मजकूर तोच ठेवून साध्या शब्दांच्या जागी बोजड शब्द घातले, की वाचणाऱ्यांना लिहिणारा कमी हुशार वाटतो, असं त्यात दिसलं. निबंधाचं शीर्षक त्याने मुद्दामच अगडबंब शब्दांत लिहिलं होतं, आणि त्याच वर्षी त्याला साहित्याचं इग्नोबेलही मिळालं. हसू येतं, पण निबंधस्पर्धेच्या परीक्षकाला विचारा. ‘प्लेथोरा’ने सुरू होणारा आणि तिसऱ्या ओळीत क्रियापदाचा काळ चुकणारा निबंध त्याने पहिल्यांदाच पाहिलेला नसतो.

आता शिडीचा मुद्दा. तो खरा आहे, म्हणूनच त्याला उत्तर देताना वर्गात जायला हवं. आपल्याकडच्या सेमी-इंग्लिशच्या वर्गात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. या वर्गातल्या मुलीला ‘फोटोसिंथेसिस’ विचारा, ती घडाघडा सांगेल. ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन’ तिला येतं, ‘क्वाड्रॅटिक इक्वेशन’ येतं. ही खरं तर किती अवघड नावं! पण ती येतात, कारण ती पुस्तकात ठळक टाइपात असतात, त्यांची व्याख्या असते, सर त्यांच्यावर एक तास घालवतात आणि परीक्षेत ती हमखास येतात. दुसऱ्या टोकाला ‘गो’, ‘बिग’, ‘वॉटर’ हे शब्द तिला केव्हाच येत असतात. ती अडते ती मधेच. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतल्या समीकरणांवर अशा धर्तीची उदाहरणं असतात: दोन संख्यांची बेरीज ४५, मोठी संख्या लहानीच्या दुपटीहून ३ने अधिक. मराठीत हे दिलं तर ती ३१ आणि १४ काढून मोकळी होते. इंग्रजी पुस्तकात याच जागी ‘एक्सीड्स’ असतं आणि पेन थांबतं. दोन शंकूंच्या त्रिज्या आणि उंच्या देऊन पुढे ‘रिस्पेक्टिव्हली’ लिहिलेलं असतं. कोणता आकडा कोणाचा, ते कळत नाही. विज्ञानाच्या धड्यात ‘व्हेअरॲज’च्या अलीकडचं आणि पलीकडचं यांत विरोध आहे हे ध्यानात न आल्याने दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच लावला जातो. ‘कन्सिस्ट’, ‘ऑब्टेन’, ‘डिटरमाइन’, ‘अझ्यूम’, ‘इंडिकेट’, ‘हेन्स’, ‘प्रोव्हायडेड दॅट’. हे शब्द ठळक टाइपात कधीच नसतात.

आणि ते शिकवायचे कोणी? विज्ञानाचे सर म्हणतात, हे इंग्रजीच्या बाईंचं काम. इंग्रजीच्या बाई त्यांच्या पुस्तकातल्या कथा-कवितांखाली दिलेले शब्दार्थ सांगतात. त्यात ‘एक्सीड्स’ कुठून येणार? गणिताचे सर रीत शिकवतात. गाईडमध्ये उत्तर असतं, पण प्रश्न का समजला नाही हे नसतं. म्हणून मी यांना पोरके शब्द म्हणतो. प्रत्येक विषयात यांचं काम पडतं, आणि एकाही विषयाच्या वेळापत्रकात यांना जागा नाही.

न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातून याच जातीच्या शब्दांची मोजदाद केली. एका शब्दापासून झालेली सगळी रूपं एक कुटुंब धरलं तर अशी ५७० कुटुंबं निघाली, आणि अभ्यासाच्या पुस्तकांतले साधारण दहा टक्के शब्द या ५७०नीच व्यापले होते. ‘मॅग्नॅनिमस’ वर्षभरात किती वेळा भेटतो, हे वाचकाने स्वतःच आठवून पाहावं. तालुक्याच्या गावातल्या त्या मुलीला शिडी द्यायची असेल तर खालच्या पायऱ्या गाळून वरच्या पायरीला सोनेरी रंग देण्यात काय हशील?

या शब्दयादीवाल्यांचे कट्टर विरोधकही आहेत, आणि ते मला अधिक जवळचे असले तरी त्यांचंही म्हणणं पुरं पडत नाही. ते म्हणतात, याद्या जाळा, मुलांना वाचू द्या, शब्द आपोआप येतील. “रोज इंग्रजी पेपर वाचा” हा मुख्याध्यापकांचा ठरीव उपदेश याच पंथाचा. पॉल नेशन या शब्दसंपदेच्या अभ्यासकाने २००६ साली हिशोब मांडला: इंग्रजी कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीविना सुखाने वाचायचं, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. ज्या मुलाकडे कशीबशी दोन हजार आहेत त्याला वृत्तपत्राच्या प्रत्येक ओळीत दोन-दोन खड्डे. अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावावा म्हणतात, पण संदर्भच अनोळखी असेल तर? हे मूल आठवडाभर अग्रलेखाशी झुंजतं, मग क्रीडापानावर येतं आणि मग पेपर आईच्या रद्दीत जातो. त्याला आळशी ठरवून आपण मोकळे.

वाचन हवंच, पण झेपेल असं. हे सांगणारा माणूस आपल्याच उपखंडात, ढाक्याला, शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होता. मायकेल वेस्टने बंगाली मुलं इंग्रजी कशी शिकतात हे वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९२६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. बरीच मुलं शाळा अर्धवट सोडतात, तेव्हा ज्या टप्प्यावर ती सोडतील त्या टप्प्यावर त्यांच्या हाती काही उपयोगाचं उरतं का, हा त्याचा सवाल होता; आणि त्यासाठी त्याने विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. एलआयसीची पॉलिसी मधेच मोडलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. वेस्टने मोजक्या शब्दांत बांधलेली वाचनमाला तयार केली, १९३५ साली सुमारे दीड हजार शब्दांतच सगळे अर्थ समजावणारा कोश काढला, आणि १९५३ साली सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी छापली. कॉक्सहेड बाईंनी आपले ५७० मोजले ते या यादीतले वगळूनच. नववीतून शाळा सुटलेल्या मुलाच्या ‘गॅरुलस’ची सरेंडर व्हॅल्यू शून्य आहे. ‘इंडिकेट’ येत असेल तर निदान औषधाच्या वेष्टनावरचा किंवा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेतला मजकूर तो उलगडू शकतो.

मग करायचं काय? कॉक्सहेड यांची ५७० कुटुंबं आठवी ते दहावी या तीन वर्षांत वाटली तर वर्षाला १९०, शाळेचे प्रत्यक्ष शिकवण्याचे आठवडे बत्तीस धरले तर आठवड्याला सहा. फक्त सहा! मात्र हे सहा शब्द त्या आठवड्यात गणित-विज्ञानाच्या ज्या पानावर वर्ग आहे त्याच पानावरून उचललेले हवेत. परिपाठातला शब्दही तिथूनच घ्यावा आणि सुटा सांगू नये, पुस्तकातल्या वाक्यासकट वाचावा. ‘कन्सिस्ट’च्या पुढे बहुधा ‘ऑफ’ येतो, हे शब्दार्थाच्या वहीत समावत नाही, वाक्यात ते न सांगता कळतं. इंग्रजीत क्रियापदाचं कोणत्या नामाशी, कोणत्या शब्दयोगीशी जमतं हेच अर्धं इंग्रजी, आणि त्यासाठी शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश शाळेत हवेत. इंग्रजीचे शिक्षक हॉर्नबी यांचा तसा कोश १९४२ साली टोकियोत निघाला तो परकीय विद्यार्थ्यांची हीच अडचण ओळखून. आपल्या ग्रंथालयांत अशा एखाद्या कोशाची प्रत बहुधा असतेच, काचेच्या कपाटात, कुलपाआड.

पाठांतराला माझा विरोध नाही. विसरणं वेगाने होतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी त्यावर चालते, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवून दिलं आहे. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनरने १९७२ साली त्याची घरगुती युक्ती सांगितली: पत्त्यांएवढी कार्डं आणि कप्पे केलेला खोका. आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, जिथे तो उशिराने तपासला जातो. चुकलेला पहिल्या कप्प्यात परत. लग्नसराईनंतर प्रत्येक घरात पाठकोऱ्या पत्रिकांचा ढीग असतो. त्या कापल्या की वर्षाची कार्डं होतात. मागच्या बाजूला मराठी अर्थ लिहावा, बेधडक लिहावा.

इथे इंग्रजी-फक्त-इंग्रजीतूनवाले हरकत घेतील. मराठीचा आधार दिला की मूल इंग्रजीत विचार करायला शिकत नाही, म्हणतील. त्यांना पहिलं उत्तर असं, की अर्थ पोचवण्याचा सर्वांत झटपट मार्ग स्वतःची भाषा हा आहे. वाचलेला वेळ वापराच्या सरावाला मिळतो. पण त्याहून खोल गोष्ट भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९च्या सुमारास मांडली. बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नवी भाषा शिकताना पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात लागतात, आणि ही दुसरी एका भाषेत कमावली की दुसऱ्या भाषेतही कामी येते. ज्या मुलाला अनुमान, गृहीतक, निष्कर्ष, तुलना यांतला फरक मराठीत कळला आहे त्याला इंग्रजीत फक्त नवं नाव शिकायचं असतं. ज्याला तो मराठीतही कळलेला नाही त्याचं काम दुप्पट होतं. म्हणूनच पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातली, फाडफाड बोलणारी मुलंही प्रश्नपत्रिकेतल्या ‘जस्टिफाय’ला ‘एक्सप्लेन’चंच उत्तर लिहून येतात. बोलणं आलं म्हणून ही भाषा आली, असं त्यांच्या घरच्यांना वाटत राहतं, आणि त्यांच्या शाळेतही हे शब्द तितकेच पोरके असतात.

उरली विज्ञानाच्या सरांची हरकत, आणि ती सगळ्यांत प्रामाणिक आहे: पोर्शन पुरा होत नाही, त्यात शब्द कुठे शिकवू? मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तेव्हा हा भार इंग्रजीच्या तासाने उचलला असं सगळ्यांनी धरून टाकलं. पण सर, धडा सुरू करण्याआधी त्यातल्या दोन पोरक्या शब्दांवर पाच मिनिटं घालवली, तर तोच धडा मराठीत दुसऱ्यांदा समजावून सांगण्यात जाणारा अर्धा तास वाचेल. तो अर्धा तास आज तुम्ही देतच आहात.