आकाशाला कुंपण

तासगावच्या द्राक्षबागाईतदारास किंवा आटपाडीच्या डाळिंबवाल्यास आकाशाच्या तंट्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मते कर्तव्य आहे. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले. ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांस तीच बंदी केली. परकीय कंपन्यांची वाट मात्र मोकळीच राहिली. वळसा पडला की इंधन अधिक भरावे लागते, इंधनाचे वजन वाढले की मालाचे घटते आणि भाडे चढते. द्राक्षे बहुतांशी जहाजाने जातात हे खरे. परंतु ज्या नाशवंत मालास दिवस मोजून बाजार गाठावयाचा असतो, त्यास ही झळ लागतेच.

आपल्या आकाशावर राष्ट्राचे पूर्ण स्वामित्व आहे, हे १९४४ च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम होय. परंतु त्याच वर्षीच्या दुसऱ्या करारान्वये परस्परांस वाट देण्याचेही उभय देशांनी मान्य केले आहे. १९५२ मध्ये पाकिस्तानने काबूलची वाट अडविली, तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मंडळाकडे आपणच दाद मागितली व तंटा सामोपचाराने मिटला. १९७१ मध्ये विमानाच्या अपहरणानंतर बंदी आपण घातली आणि मंडळाचा अधिकार नाकारला. हेगच्या न्यायालयाने १९७२ मध्ये तो अधिकार उचलून धरला.

संरक्षणापुढे भाड्याचा हिशेब गौण, हे आम्ही जाणतो. परंतु बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढवीत नेणे हे धोरण नव्हे. अशा बंदीतून निदान मालवाहू विमाने वगळावीत, हा प्रश्न भारताने त्याच मंडळापुढे न्यावा. ज्या दारी आपण एकदा न्याय मागितला, तेथे पुन्हा जाण्यात कमीपणा कसला?