हुर्राकही विचारा

चहा-कॉफीने स्मृती टिकते का, असे वृद्धांचे नातलग मला हटकून विचारतात. फिनलंडमधील २००९ च्या अभ्यासात मध्यम वयात रोज ३ ते ५ कप कॉफी पिणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण तेवढ्याने कार्यकारणभाव ठरत नाही. मद्याविषयी पुरावा अधिक गंभीर आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२० साली आठवड्याला २१ युनिटांहून (१६८ ग्रॅम अल्कोहोल) अधिक मद्यपान हा स्मृतिभ्रंशाचा टाळण्याजोगा धोका मानला. आपल्या चोपड्यात मात्र काजूच्या हंगामातला हुर्राक पुष्कळजण दारूत धरीतच नाहीत. ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला मग प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर येते. म्हणून हुर्राक, फेणी, बिअर अशी नावे घेऊनच विचारावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मद्यपींत थायमिनच्या अभावाने आलेला मानसिक गोंधळ वेळीच दिलेल्या इंजेक्शनांनी निवळू शकतो. वार्धक्याच्या खाती टाकला, की ती संधी जाते.