काचेआडची कवंदी

बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयाने १८६५ पासून शिलालेख आणि वीरगळ जपले. ज्यांनी दगड कोरवून घेतले, त्यांची स्मृती टिकली. ज्यांच्यापाशी दगडच नव्हता, त्यांचे काय? गोव्याच्या पोर्तुगीज धन्यांपासून निसटलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, सिद्दी, उत्तर कन्नडच्या रानांत राहतात. मराठी वाचकाची त्यांच्याविषयीची जिज्ञासा मलिक अंबर आणि जंजिरा यांपुढे सहसा जात नाही. वस्तुतः त्यांतील अनेकांच्या घरी मराठीची सख्खी बहीण, कोकणी, नांदते.

त्यांचा दमाम आणि जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची कवंदी काचेआड मांडली की कर्तव्य संपले, हा समज घातक आहे. अमेरिकेतील सेंट हेलेना बेटावर मुक्त झालेल्या गुल्ला लोकांसाठी १८६२ मध्ये शाळा निघाली. त्यांच्या वारशाचे छोटे संग्रहालय पुढे त्याच आवारात उभे राहिले. आधी अक्षर, मग प्रदर्शन! इकडे उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडले. शांताराम सिद्दी हे विधान परिषदेतील पहिले सिद्दी सदस्य झाले ते २०२० मध्ये. सिद्दींचे संग्रहालय व्हावे, राजधानीतच व्हावे. मात्र तेथील फलक सिद्दींनीच लिहावेत. एकाची ओळख दुसऱ्याने ठरवणे, हीदेखील मालकीच होय.