नंबर कोणाचा?

निवडणुकीच्या हंगामात बदलापूर स्टेशनबाहेर लागणारा एखादा फलक नीट वाचावा. प्रभाग महिलांसाठी राखीव, म्हणून मधोमध बाई हात जोडून उभ्या. शेजारी यजमान, बाईंपेक्षा वीतभर मोठे. खाली ‘संपर्क’ म्हणून छापलेला मोबाइल नंबर लावला की पलीकडून पुरुषाचा आवाज येतो : “हां, बोला!” बाईंशी बोलायचे आहे म्हटले तर तो आवाज गोंधळतो. “काम काय ते मला सांगा ना.”

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. म्हणजे नगरपालिकेच्या सभागृहात बाई पोहोचली. तिथून पुढे? बदलापूर मुरबाडमार्गे भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडते, अंबरनाथ आणि उल्हासनगर कल्याणमध्ये. हे दोन्ही मतदारसंघ मिळून २००९ ते २०२४ या काळात आठ खासदार निवडायची वेळ आली. आठही वेळा पुरुष निवडून आले. २०२४ मध्ये राज्यातल्या ४८ पैकी सात जागांवर महिला जिंकल्या. तिथेही आपला जिल्हा नाही. लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा २०२३ मध्ये झाला खरा, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेची अट जोडलेली.

आरक्षणाचे नावही नव्हते तेव्हा मृणाल गोरे दिल्लीला पोहोचल्या, त्या नळावरून. डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट टाकून त्या समाजवादी चळवळीत आल्या. १९५८ मध्ये पती केशव, म्हणजे बंडू गोरे, गेले. पदरात लहान मुलगी. तीन वर्षांनी त्या गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि वस्त्यांमधल्या पाण्यासाठी प्रशासनाच्या अशा मागे लागल्या की लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नावच ठेवले. १९७२ मध्ये आमदार. त्याच सुमारास महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकरांसह बायकांचे मोर्चे. हातात झेंड्याऐवजी लाटणे. मग आणीबाणी, भूमिगत काम, तुरुंग. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभा. इंदिरा गांधी त्याच निवडणुकीत हरल्या आणि मुंबईकरांनी घोषणा दिली : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ त्या लोकसभेत महिला खासदार होत्या अवघ्या १९. त्यांतल्या दोघी, मृणालताई आणि अहिल्याताई, मुंबईच्या. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी देऊ केलेले मंत्रिपद मृणालताईंनी नाकारले.

पुढे १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, त्यामागे मृणालताईंच्या अशासकीय विधेयकाचा रेटा होता. केंद्राला असा कायदा करायला १९९४ उजाडले. म्हणजे काम पक्के असेल तर बाई मुंबईत बसूनही दिल्ली हलवते.

आता आपल्याकडे या. बारवी धरण बदलापूरपासून हाकेच्या अंतरावर. त्याचे पाणी एमआयडीसीच्या जलवाहिन्यांतून दूरदूरच्या शहरांना जाते. बदलापूर पिते ते उल्हास नदीवरच्या बॅरेजचे, जीवन प्राधिकरणाने दिलेले. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण इथे शाळेत शिकवावी लागत नाही. पाणी कमी दाबाने आले की मोटर लावायची कोणी, पिंप भरायचे कोणी, आणि एवढे करून लोकल कोणी गाठायची, हे घराघरांत ठरलेले आहे. पाण्याचे वेळापत्रक ज्या बाईला तोंडपाठ, तिला पाण्याचे अंदाजपत्रक मात्र कोणी दाखवत नाही. ते ‘साहेब’ बघतात.

मृणालताईंसारखी माणसे पुन्हा होत नाहीत, असे म्हणून हळहळणे सोपे. पण त्यांना घडवणारी एक व्यवस्था होती : राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, वस्तीतल्या बैठका, बाईचे भाषण ऐकून घेणारा आणि तिला भांडू देणारा पक्ष. आज पक्ष बाईला तिकीट देतो ते आरक्षणाची सोडत निघाल्यावर, आणि पाच वर्षांनी सोडत फिरली की परत घेतो. एका प्रभागात दहा-पंधरा वर्षे पाय रोवायला मिळाले तर नगरसेविकेची आमदार होईल, आमदाराची खासदार. सोडतीबरोबर घरी पाठवलेल्या बाईचे काय होणार? तिच्या जागी पुढच्या खेपेला तोच फलक लागतो, फक्त यजमान मधोमध येतात.

तेव्हा मतदानाआधी बदलापूरच्या बायकांनी एक करावे. फलकावरचा नंबर लावावा. ‘साहेब’ बोलले तर फोन ठेवावा. बाई बोलल्या, तर आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येते, एवढेच विचारावे.