पर्यायी सर्व्हर : कागदावरचा आणि कामाचा

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० वाजता ठप्प झाले. ते पूर्ववत होण्यास दुपारचे ३.४५ वाजले. पर्यायी केंद्र असूनही ते उपयोगात आले नाही. त्यानंतर 'सेबी'ने नियम कठोर केले आणि २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, विशेष सत्रात प्रत्यक्ष व्यवहार पर्यायी केंद्रावर नेऊन चाचणी घेण्यात आली.

हा धडा केवळ बड्या संस्थांपुरता नाही. गोंदियालगतच्या कुडव्यातील एखाद्या पतसंस्थेलाही दोन साधे संगणक, लिनक्स आणि 'पेसमेकर' ही मोफत प्रणाली यांच्या आधारे अशी जोडी उभारता येईल. दोन्ही सर्व्हर परस्परांना सतत संकेत पाठवतात. मुख्य सर्व्हरचा संकेत थांबताच दुसरा सेवेचा आयपी पत्ता स्वतःकडे घेतो. मात्र, केवळ मधली केबल तुटली, तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात आणि खात्यांच्या नोंदींत घोळ होतो. म्हणूनच दुसऱ्याने सूत्रे हाती घेण्यापूर्वी पहिल्याची वीज तोडण्याची सोय अपरिहार्य ठरते.

रीतसर आदेश देऊन सर्व्हर बंद करणे ही खरी चाचणी नव्हे. चालू कामात वीज तोडून आणि केबल काढूनच जोडीची परीक्षा व्हावी. बिघाड पूर्वसूचना देऊन येत नाही.