हप्ता कोणत्या पगारातून?

गेल्या महिन्यात पेडणे तालुक्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा नुकताच दहावी झालेला. हातात एका खाजगी संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रक: सहा महिन्यांत सिक्स-जी वेल्डर, आर्क आणि टिग दोन्ही, नोकरीची हमी, फी दोन लाख. बँक कर्ज द्यायला तयार होती. गृहस्थांचा प्रश्न एवढाच, ‘सर, संस्था बरी आहे ना?’

संस्थेविषयी आम्ही काही बोललो नाही. आधी पेन्सिल घेऊन हप्ता काढला. दोन लाख, अकरा टक्के व्याज, तीन वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे ६,५५० रुपये. मुदत पाच वर्षे केली तर हप्ता ४,३५० वर येतो, पण नुसते व्याजच साठ हजारांच्या पुढे जाते. आता समोरच्या रकान्यात काय लिहायचे? माहितीपत्रकातला मोठ्या अक्षरातला पगार लिहायला हात शिवशिवतो. पण पोराच्या हातात पहिल्या वर्षी पडते ते बहुतेक वेळा विद्यावेतन. शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याला महिन्याला किमान ७,००० आणि नुसत्या दहावी पासला ६,००० ठरले. कारखानदार त्याहून जास्त देऊ शकतो, काही देतातही. पण हिशेब किमान आकड्यावर करायचा असतो. सहा महिन्यांचा खाजगी कोर्स केलेला मुलगा यांतल्या दुसऱ्या रांगेत बसला, तर तीन वर्षांच्या मुदतीचा हप्ता भरायला सगळे विद्यावेतनही पुरत नाही. पेडण्याहून कामावर जायचे पेट्रोल आणि दुपारचे जेवण वेगळे.

आता त्या ‘सिक्स-जी’विषयी. आपल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको, पण पालकांना ते कोणी सांगत नाही. पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधून, तो न फिरवता सभोवार जोड मारणे ही अवघड गोष्ट आहे आणि ज्याला ती येते त्याला मान आहे. मात्र एएसएमईच्या सेक्शन नऊप्रमाणे वेल्डरची परीक्षा घेण्याची जबाबदारी त्याला कामाला लावणाऱ्या कंपनीची असते. म्हणजे पोरगा कुठलाही कागद घेऊन गेला तरी गेटच्या आत त्याला नवा कूपन मारावाच लागतो. शिवाय सलग सहा महिने ती प्रोसेस हातात नसेल तर पात्रता संपते. दोन लाखांत विकत मिळते ते सरावाचे तास आणि जाळलेल्या रॉडची संख्या. म्हणून पालकांनी संस्थेला एकच विचारावे: माझा मुलगा रोज किती तास होल्डर हातात धरणार, आणि एका बूथमागे मुले किती?

पेडणे आणि डिचोली, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहे आणि फी नाममात्र आहे. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, आठवी पासला चालतो. फिटर, टर्नर, मशिनिस्ट दोन वर्षांचे, दहावीनंतर. तिथे मशीन जुने असेल, कधी रॉड कमी पडत असतील, हे आम्हीही पाहिले आहे. तरी तिथून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यावर हप्ता नसतो आणि विद्यावेतन पूर्ण त्याचे असते.

डिचोलीकराला हप्त्याचे हे ओझे समजावायला फार बोलावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पाळी, सुर्ला, वेळगे भागांत दारोदारी टिप्पर उभे राहिले, बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नाही. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने परवानगी दिली. २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाले आणि १६ मार्चपासून पुन्हा सामसूम. त्याच काळात टिप्परच्या हौद्याला पत्रे मारणारे वेल्डर गेट, शेड आणि ग्रीलकडे वळले. मोरजी-हरमलच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज लवकर धरतो, म्हणून हॉटेलवाले स्टेनलेसचे रेलिंग मागू लागले. ज्यांनी टिग शिकून घेतले त्यांचे काम वाढले. कसब एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात नेता येते. टिप्परला तेवढी मोकळीक नव्हती.

याचा अर्थ कर्जच घेऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. फिटर झालेला हुशार मुलगा थेट दुसऱ्या वर्षात डिप्लोमाला जात असेल, मयेच्या सरकारी पॉलिटेक्निकसारखी जागा मिळत असेल, तर थोडे कर्ज जरूर काढावे. घरच्या भट्टीवर बसणाऱ्या लोहाराला पीएम विश्वकर्मा योजनेत पाच टक्क्यांनी पहिले एक लाख मिळते; त्यातून घेतलेले वेल्डिंग मशीन अडचणीत निदान विकता तरी येते. प्रमाणपत्राला असा जुना बाजार नसतो. कौशल्य कर्जाची मर्यादा २०१५ मध्ये दीड लाख होती, २०२४ मध्ये ती साडेसात लाख झाली. त्यामागे हमी निधी आहे, आणि ती हमी बँकेच्या पैशांची आहे. मर्यादा वाढली की खाजगी फीही त्या उंचीकडे सरकू लागेल, अशी आम्हाला धास्ती वाटते. आखाताची आशा दाखवणाऱ्यांबाबतही एक आकडा लक्षात ठेवावा: नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

आणि थोडा दोष आपलाही. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतले, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशन शेडमधले आपण मालक आणि फोरमन, नव्या पोराला पहिल्या महिन्यात खरोखर काय देतो ते कधी उघड सांगत नाही. म्हणून पालकांसमोर एकच आकडा राहतो, माहितीपत्रकातला.

तेव्हा विनंती अशी. निदेशकांनी प्रवेशाच्या दिवसांत आयटीआयच्या फळ्यावर, आणि मालकांनी आपल्या वर्कशॉपच्या दारावर, नव्या वेल्डरचा आणि नव्या फिटरचा पहिल्या वर्षाचा पगार खडूने लिहावा, ओव्हरटाइम न धरता. तोच आकडा, नाव न लिहिता चालेल, आम्हालाही कळवावा. पुढच्या अंकात पहिले पान त्यासाठी मोकळे ठेवले आहे.